ऋषीच्या भाजीतला बैल

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या संध्याकाळी, घरोघरी गणपती बसून झाल्यावर, पुण्याच्या मंडईबाहेर आणि दादरच्या पदपथांवर भाजीचे काही निराळेच वाटे मांडलेले दिसतात. लाल माठाची जुडी, अळूची तीन-चार पाने आणि त्यांचे जांभळट देठ, लाल भोपळ्याची फोड, पडवळाचा तुकडा, एखादे शिराळे, चार भेंड्या, अर्धे मक्याचे कणीस, सुरणाची काप, मूठभर ओल्या शेंगा. एरवी यांपैकी कोणतीही भाजी एवढ्याशा मापात मागितली तर भाजीवाली आपल्याकडे वर मान करूनही पाहणार नाही. आज मात्र तीच होऊन सांगते, 'ऋषीची आहे, घेऊन जा.' दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, हा तिचा नियम. वाट्यातला माठ कोणाच्या मळ्यातला आणि तो मळा कशाने नांगरलेला, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे विचारले नव्हते.

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकीचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले, दुसरीचे परभणीकडचे. लोकसाहित्याच्या तासाला आम्ही चातुर्मासातल्या कहाण्या वाचायला लावतो, कारण मौखिक कथनाची घडण समजावून सांगायला त्यांच्याइतके आटोपशीर साधन नाही. गेल्या वर्षी ऋषिपंचमीची कहाणी वाचून झाल्यावर वर्गातून दोन प्रश्न आले. दूधदुभते सोडलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, की ही भाजी म्हणजे आपल्याकडची जुनी 'व्हीगन' भाजीच ना? आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, की मॅडम, कुत्रीने सगळ्यांचा जीव वाचवला, मग मार तिलाच का? तिसरा प्रश्न वर्गाबाहेरचा. आमच्यापैकी जी वयाने मोठी, तिला त्याच आठवड्यात आत्याबाईंनी फोनवर सांगितले होते, 'अगं, आता तुझी पाळी जायला आली, यंदापासून ऋषिपंचमी धर.' हे तिन्ही प्रश्न एकाच पातेल्यातले आहेत, हे आमच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. प्रस्तुत लेख त्या वेळाचा आहे.

आधी पातेल्याविषयी. या भाजीची एक अशी कृती नाही, आणि नसणे हेच तिच्या स्वभावाला धरून आहे. परसात जे उगवले असेल ते तिच्यात पडते. रत्नागिरीकडच्या घरात अळू आणि माठ हा तिचा कणा. अळूचे देठ सोलून, पाने शिरा काढून चिरायची. माठाचे कोवळे देठ बोटभर लांबीचे तोडायचे आणि पाला जाडसर चिरून वेगळा ठेवायचा. सुरण, भोपळा, कणसाचे तुकडे आणि शेंगा आधी शिजत घालायच्या, कारण त्यांना वेळ लागतो. मग देठ, मग पडवळ आणि शिराळे, आणि पाला सर्वांत शेवटी. अळू आणि सुरण खाजरे असतात, म्हणून चिंचेचा कोळ हवाच. तिखटाला ओली मिरची, वरून खोवलेला नारळ. फोडणी नाही, हळद नाही, मसाला नाही. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवले, की उरलेले काम भाज्यांच्या अंगचे पाणीच करते. परभणीकडे अळू दुर्मीळ. तिथे तांदुळजा, अंबाडी, घोळ आणि आंबट चुका यांवर भर, त्यामुळे चिंच लागत नाही. दोन्हीकडे शेवटी वाटीत लोणी किंवा तुपाचा चमचा येतो, आणि सोबत वरीचा भात. चव म्हणाल तर सौम्य, किंचित आंबट, किंचित गोडसर. पहिल्या घासाला काही तरी राहून गेल्यासारखे वाटते आणि तिसऱ्या घासाला वाटत नाही. आदल्या दिवशीच्या मोदकांनंतर आणि त्याच्याही आदल्या दिवशीच्या हरतालिकेच्या कडक उपासानंतर पोटाला एवढे हलके काही मिळणे हे उपकारच आहेत.

नाव ऋषींचे, पण ऋषींना यातले किती ओळखू आले असते? अळू, सुरण, माठ, पडवळ, शिराळे ही मंडळी आशियातलीच, जुनी. पण लाल भोपळा, मका, मिरची आणि भुईमूग या चारही वनस्पती अमेरिका खंडातल्या. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी त्या भारतात कोणी चाखल्या नव्हत्या. त्यानंतर पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या जहाजांतून त्या आल्या आणि हळूहळू परसात रुजल्या. म्हणजे कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ यांच्या नावाने आज जे पातेले चुलीवर चढते, त्यातला बराचसा ऐवज सोळाव्या शतकानंतरचा आहे. हे सांगितले की वर्गात हमखास हशा पिकतो. पण आम्हाला यात परंपरेचा पराभव दिसत नाही. नियम होता तो भाज्यांच्या नावांचा नव्हता. त्या कशा पिकवल्या याचा होता. परक्या भोपळ्याचा वेल मांडवावर चढला, त्याला कोणी नांगर लावला नाही, म्हणून तो ऋषींच्या पंक्तीला बसला. आपल्याकडच्या उपासाच्या पदार्थांत बटाटा, साबुदाणा आणि राजगिरा बसले त्यापेक्षा भोपळ्याचा हा प्रवेश कितीतरी अधिक नियमशीर म्हणावा लागेल.

आता तो नियम. त्याचे मूळ रूप धुंडाळू लागलो तेव्हा पहिलाच धक्का बसला, तो असा, की जुन्या संस्कृत वचनांत भर बैलावर नाही, नांगरावर आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाने काय खावे याची चर्चा आहे. तिथे फाळाने नांगरलेल्या जमिनीत पिकलेले खाऊ नये, कोणी टाकून दिलेले असले तरीही खाऊ नये, असा निषेध आहे. न नांगरता आपोआप पिकणाऱ्या धान्याला संस्कृतात 'अकृष्टपच्य' असा नेमका शब्द आहे. रानातले नीवार हे त्याचे नमुन्याचे उदाहरण. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंताला आश्रम जवळ आल्याची जी चिन्हे दिसतात, त्यांत पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेले नीवाराचे दाणे आहेत. नांगरलेले शेत मागे पडले, आता आपण ऋषींच्या हद्दीत आलो, हे राजाला त्या दाण्यांवरून कळते. त्याच मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेतीविषयी एक नाराजीही नोंदवली आहे: लोखंडी तोंडाचे लाकूड जमिनीला आणि जमिनीत राहणाऱ्या जिवांना मारते, म्हणून सज्जन ही वृत्ती निंद्य मानतात. इथे करुणा आहे, पण ती मातीतल्या किड्यामुंग्यांसाठी आहे; आणि तिच्या आडून नांगर धरणाऱ्या हातांविषयीचा तुच्छभावही डोकावतो, हे विसरून चालणार नाही.

मराठी घरात मात्र कोणतीही बाई 'फाळाने नांगरलेले खाऊ नये' असे म्हणत नाही. ती म्हणते, 'बैलाच्या कष्टाचे खाऊ नये.' हा फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो. अवजार मागे गेले आणि जनावर पुढे आले. संन्यस्त पुरुषाचा वनातला नियम गृहस्थाच्या स्वयंपाकघरात वर्षातून एकदा वस्तीला आला, तेव्हा त्याचे व्याकरणच बदलले. कोकणातल्या आणि देशावरच्या बाईला फाळ ही कल्पना दूरची. पण दारात बांधलेला बैल, त्याच्या खांद्याला जुवाने पडलेला घट्टा, मळणीच्या वेळी त्याच्या तोंडाला बांधलेले मुसके हे तिच्या रोजच्या पाहण्यातले. श्रावणातल्या अमावास्येला मराठवाड्यात आणि विदर्भात पोळा होतो. बैलाची खांदेमळणी होते, त्याला पुरणपोळी भरवतात, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी येते. पोळ्याला बैलाच्या श्रमाची सुट्टी आणि पंचमीला त्या श्रमाच्या फळाचा त्याग, असे हे जोडपे आहे. दोन्ही सण एकाच हेतूने नेमले गेले असा आमचा दावा नाही. पण परभणीकडच्या घरात त्या पाच दिवसांत गोठ्याकडे पाहण्याची नजर निराळी होत असे, एवढे आमच्यापैकी एकीने लहानपणी पाहिलेले आहे.

या नियमाचा काटेकोरपणाही ऐकण्यासारखा आहे. धान्य नाही, डाळ नाही, गूळ नाही, कारण ऊस नांगरलेल्या रानात होतो. तेलसुद्धा नाही. करडई नांगरटीची आणि शिवाय घाणा ओढणारा पुन्हा बैलच. म्हणूनच फोडणी नाही. आजकालच्या आरोग्यसदरांत या भाजीचे 'तेलविरहित' म्हणून कौतुक होते. पण त्या तेलाच्या अभावामागे प्रकृतीचा विचार नव्हता, डोळ्यांवर झापड बांधून गोल गोल फिरणारा बैल होता. हंगामही सोयीचा. भाद्रपदात खरिपाचे पीक अजून उभे असते, कणग्यांचा तळ दिसू लागलेला असतो, आणि पाला मात्र बांधाबांधावर माजलेला असतो. व्रत ज्या आघाड्याच्या काड्यांनी दात घासायला सांगते, त्या आघाड्याचीही कोवळ्या पानांची भाजी होतेच.

मात्र इथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायला हवी. हे व्रत मुख्यतः ब्राह्मण आणि इतर वरच्या मानलेल्या जातींच्या घरांतले. ज्यांच्या घरी बैल, शेत आणि कणगी होती, त्यांनाच एक दिवस ती सोडण्यात पुण्य होते. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी खुडून डोंगर उतरणाऱ्या ठाकर किंवा कातकरी बाईला अकृष्टपच्याचे व्रत कोण सांगणार? तिचा अर्धा पावसाळा तसाच जात असे. सह्याद्रीच्या उतारांवर झाडोरा जाळून, राखेत कुदळीने टोचून नाचणी आणि वरी पेरण्याची एक पद्धत होती. कोकणात तिला कुमरी म्हणत, काही भागांत दळी. तिथे नांगर चालतच नसे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने जंगलांचा नाश होतो या कारणाने कुमरीवर निर्बंध आणले. म्हणजे ज्यांची शेती खरोखर बैलाशिवायची होती, त्यांच्या हातातून ती जात होती, आणि सपाटीवरच्या घरांत तिची वर्षातून एकदा पूजा चालू होती. ऋषिपंचमीला पानात पडणारी वरी ही मुळात या उतारांवरची. तिच्यासाठी वाण्याकडे पैसे मोजताना आम्हाला हा इतिहास आठवतो. आठवून आम्ही काय करतो, असे कोणी विचारले तर उत्तर अवघड आहे.

आता कहाणीकडे वळू. ऋषिपंचमीची संस्कृत व्रतकथा भविष्योत्तर पुराणाच्या नावावर सांगितली जाते. १७३६ साली विश्वनाथ नावाच्या, मूळच्या संगमेश्वराकडच्या पंडिताने काशीत 'व्रतराज' हा ग्रंथ रचला. घरोघरच्या व्रतपोथ्यांना ज्या संग्रहांनी आधार पुरवला त्यांतला हा एक प्रमुख, आणि त्यात हे व्रत सविस्तर आहे. मराठीत तीच कथा आटपाट नगरात येऊन कहाणी झाली. १९१४ साली सी. ए. किंकेड या मुलकी अधिकाऱ्याने चातुर्मासातल्या कहाण्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' या नावाने इंग्रजीत आणल्या, त्यांतही ती आहे. बालवाचकांसाठी म्हणून काढलेल्या पुस्तकात ही कहाणी जावी, याचे आम्हाला अजूनही नवल वाटते.

कारण कहाणी आहे ती अशी. एक ब्राह्मण शेती करीत असे. त्याची बायको विटाळशी असताना दूर न बसता घरातल्या भांड्यांना शिवत राहिली. या दोषाने ती पुढल्या जन्मी कुत्री झाली, आणि तिच्या संपर्काचा दोष लागून नवरा बैल झाला. दोघेही आपल्याच मुलाच्या घरी आले. पुढे एके दिवशी मुलाने बापाचे श्राद्ध मांडले. खीर शिजली. तिच्यात सापाने गरळ टाकले ते कुत्रीने पाहिले. जेवायला आलेले ब्राह्मण मरतील, मुलाला हत्येचे पाप लागेल, म्हणून तिने मुद्दाम खिरीच्या पातेल्याला तोंड लावले. सुनेने पाहिले ते एवढेच. चुलीतले जळते लाकूड घेऊन तिने कुत्रीच्या पाठीत हाणले, आणि त्या दिवशी तिला उष्टेही घातले नाही. रात्री कुत्री गोठ्यात जाऊन बैलाजवळ रडली. बैल म्हणाला, की मीही आज दिवसभर नांगराला होतो, तोंड बांधलेले, पोटात काही नाही. मुलाने हे ऐकले, आईबापांना ओळखले, आणि रानात जाऊन ऋषींना उपाय विचारला. उपाय म्हणजे हे व्रत. बैलाच्या कष्टाचे का खायचे नाही, याचे कारण मराठी कहाणीला धरून पाहिले तर अगदी घरगुती आहे: जुवाखाली कदाचित आपलाच बाप असेल.

बैलाविषयीची एवढी मोठी कणव आणि बाईविषयीचा एवढा मोठा आकस एकाच कथेच्या पोटी जन्मले आहेत. म्हणूनच ही भाजी शिकवायला सोपी नाही.

व्रतकथेत या दोषाचे मूळ म्हणून इंद्राच्या ब्रह्महत्येच्या वाटणीची गोष्ट जोडलेली असते. तिची जुनी आवृत्ती तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात आहे, आणि ती आवृत्ती वाचताना आम्ही दोघीही थबकलो. तिथे विश्वरूपाला मारल्याचे पाप इंद्र तिघांत वाटतो: पृथ्वी, झाडे आणि स्त्रिया. तिघींनाही त्याबदल्यात वर मिळतो. पृथ्वीला वर, की खणलेला खड्डा वर्षाच्या आत भरून येईल. झाडांना वर, की जिथे तोडले तिथून पुन्हा फुटेल. स्त्रियांना वर, की ऋतुकाळानंतर त्यांना संतती मिळेल. पापाची खूण म्हणून पृथ्वीवर उजाड जमीन आली, झाडांना डिंक आला, स्त्रियांना पाळी आली. म्हणजे या जुन्या कल्पनेत बाई एकटी नाही. माती आणि झाड तिच्या बरोबरीने दुसऱ्याचे ओझे वाहत आहेत, आणि तिघींचे लक्षण एकच, की जखम झाली तरी पुन्हा भरून येणे. माठाची जुडी खुडली की आठ-दहा दिवसांत त्याच बुडख्यातून नवा फुटवा येतो. परसात माठ लावणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. पुढच्या व्रतकथेत वाटेकरी बदलले, अग्नी, नदी, पर्वत असे दुसरेच आले, आणि बाईची मातीशी व झाडाशी असलेली जोडी तुटली. पाप तेवढे तिच्याकडे राहिले. वराचा उल्लेख गळून पडला.

मागच्या बाकावरच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढच्या तासाला देण्याचा प्रयत्न केला. कहाणीत स्पर्श दोनदा आहे. पहिल्यांदा बाई भांड्याला शिवते आणि ते पाप ठरते. दुसऱ्यांदा तीच, कुत्रीच्या रूपात, भांड्याला शिवते आणि त्या शिवण्याने माणसे वाचतात. पहिल्या शिवण्याने कोणाचे काय बिघडले, हे कहाणी कुठेही दाखवत नाही. कोणी आजारी पडले नाही, कोणी मेले नाही. दुसऱ्या शिवण्याने काय साधले, ते मात्र ती डोळ्यांपुढे उभे करते. शिक्षा दोन्ही वेळा तीच. डॉ. तारा भवाळकरांच्या लेखनाने आमच्या पिढीला एक सवय लावली, की स्त्रियांच्या तोंडून वाहत आलेल्या कथेत नियम काय म्हणतो याबरोबरच तपशील काय म्हणतात तेही पाहावे. इथे नियम पोथीचा आहे. पण पाठीत बसलेले जळते लाकूड, उपाशी राहणे आणि रात्रीच्या अंधारात गोठ्यात जाऊन नवऱ्याजवळ बोलणे हे तपशील शतकानुशतके दुपारच्या वेळी बायकांनी बायकांना सांगितले आहेत. ते सांगताना त्यांची सहानुभूती कोणाकडे असे, याविषयी आम्हाला तरी शंका नाही. यामुळे कहाणी निर्दोष ठरत नाही. तिने किती मुलींना किती वर्षे 'बाहेर' बसवले याचा हिशेब कोणाजवळ नाही. त्यातले काही दिवस आमच्यापैकी एकीचेही आहेत.

या सर्वांत भाजी कुठे आहे? कहाणीत तिची कृती नाही. आणि छापील पाककृतींत कहाणी नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणीमित्रा'ची पहिली आवृत्ती १९१० साली निघाली, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली. या साठ वर्षांत मराठी पाककृती हा एक स्वतंत्र लेखनप्रकार म्हणून स्थिरावला. त्याची शिस्त अशी, की साहित्य सांगावे, प्रमाण सांगावे, क्रम सांगावा. कारण सांगू नये. व्रतपोथीची शिस्त नेमकी उलटी. तिथे कारण आहे, फळ आहे, उद्यापन आहे, पण माठ आधी घालायचा की सुरण, याविषयी अवाक्षर नाही. दोहोंना जोडणारा पूल होता तो आत्याबाईंसारख्यांच्या बोलण्यात, चुलीपाशी. आता हा पूल झिजत चालला आहे. आमच्या मते यात नुसते नुकसान नाही. पाककृती कहाणीपासून सुटली, म्हणूनच ही भाजी आज कोणीही, कोणत्याही दिवशी, कोणाला न दुखवता करू शकते. पण ती सुटताना विटाळाबरोबर बैलही गळून पडला, हे मात्र खटकते. पदपथावरच्या वाट्याला 'ऋषीची' म्हणणाऱ्या भाजीवालीला तो आठवत नाही, आणि घेणाऱ्यांनाही. शिवाय आता पुष्कळ शेतांवर बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. त्या अर्थाने आजची गव्हाची पोळीसुद्धा ऋषिपंचमीला चालावी! आत्याबाईंना हा युक्तिवाद ऐकवला तेव्हा त्या म्हणाल्या, 'बरोबर आहे. पण मग त्या बैलांचं काय झालं, ते आधी विचारून ये.'

व्हीगन विद्यार्थिनीचे उत्तर अजून राहिले आहे. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घडवला. दूध आणि अंडीही वर्ज्य करणाऱ्या शाकाहाऱ्यांना वेगळे नाव हवे होते. त्या विचाराचा गाभा प्राण्याला राबवू नये हा. पण ताटात त्याची परीक्षा होते ती दूध, लोणी, मध यांवर. ऋषिपंचमीचा नियम बरोबर उलट्या बाजूने येतो. त्याला बैलाचा घाम दिसतो, गाईचे आटवलेले दूध दिसत नाही. तेल नको, पण वर लोण्याचा गोळा चालतो. आणि वासराच्या वाट्याचे दूध? त्याची कहाणी कोणी रचली नाही. म्हणून 'आपल्याकडे हे आधीपासूनच होते' असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरला. दोन्ही विचारांना एकेक डोळा आहे, आणि दोघे एकाच जनावराच्या दोन बाजूंना उभे आहेत, असे आम्ही तिला सांगितले. तिला ते पटले नाही. तिचे म्हणणे पडले, की मग दोन्ही नियम एकदम पाळून भाजी करून दाखवा.

तशी ती आम्ही केली, आत्याबाईंच्याच स्वयंपाकघरात. माठ त्यांच्या गच्चीवरच्या कुंडीतला, अळू नळाच्या सांडपाण्यावर वाढलेले, भोपळा शेजारच्यांच्या कुंपणावरचा. मका, भेंडी आणि शेंगा बाजारच्या, म्हणून आत्याबाईंनी त्या बाजूला सारल्या. पातेले पितळेचे, कल्हईचे. माठाचा पाला शेवटी पडला आणि बघता बघता पातेलेभर असलेला तो ओंजळभर झाला. रंग मात्र सगळ्या भाजीला देऊन गेला. प्रश्न उरला होता तो स्निग्धतेचा. तेल घालायचे तर बैल आड येतो, लोणी घालायचे तर विद्यार्थिनी. नुसती उकडलेली भाजी घशाखाली उतरेना. आत्याबाई उठल्या, खोवणी घेऊन बसल्या आणि अर्धा नारळ खोवून त्यांनी हाताने पिळून त्याचा जाड रस काढला. 'नारळाला कुठला आला बैल? आणि गाय तरी कुठली?' असे म्हणत त्यांनी तो पातेल्यात ओतला, वर मीठ भुरभुरले आणि एक उकळी न येऊ देताच विस्तव बंद केला; उकळला तर रस फाटतो.

पाने वाढल्यावर त्यांनी पोथी काढली. कहाणी त्या वाचणार होत्या, दरवर्षीप्रमाणे. आमच्यापैकी जी मोठी, तिने सांगितले, की भाजी खाईन, बैलासाठी एक दिवस धान्य सोडीन, पण शिवाशिवीच्या प्रायश्चित्ताचा संकल्प सोडणार नाही. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला, कहाणी उघडली, आणि बाईच्या दोषाचा मजकूर डोळ्यांनीच वाचून पान उलटले. मोठ्याने वाचायला सुरुवात केली ती श्राद्धाच्या खिरीपासून.